‘पर्यंत’, ‘पासून’, ‘आधी’: इंग्रजीत वेळ सांगताना नेमकं कुठे अडतं

लक्षण ओळखीचं आहे. ‘शुक्रवारपर्यंत फाइल पाठवतो’ असं कळवायचं होतं. इंग्रजीत कळवलं आणि समोरच्याचा समज झाला की शुक्रवार उजाडेपर्यंत काही ना काही येत राहणार. किंवा तिकडून ‘आय विल कॉल यू इन टू अवर्स’ असं उत्तर आलं आणि इकडचा माणूस त्याच मिनिटापासून फोन हातात धरून बसला. यातला एकही शब्द अवघड नाही, काळांचे तक्ते शाळेतच पाठ झालेले असतात, तरी हे पुन्हा पुन्हा होतं.

बिघाड शब्दसंग्रहात नाही. मराठीत वेळेचा संबंध शब्दयोगी अव्ययं आणि प्रत्यय सांभाळतात, आणि ते ऐसपैस आहेत. इंग्रजी जी दोन कामं दोन शब्दांना वाटून देते, ती दोन्ही एकट्या ‘पर्यंत’मध्ये मावतात, ‘पासून’मध्ये तर तीन. बोलताना मनात मराठी अव्यय असतं आणि त्याच्या जागी इंग्रजीतला जो शब्द आधी सुचेल तो बसतो. म्हणून ‘सिन्स म्हणजे काय, फॉर म्हणजे काय’ असं घोकून फारसा उपयोग होत नाही. आपलं मराठी वाक्य आधी तपासावं, मग इंग्रजी शब्द निवडावा. खाली त्याच क्रमाने घेतलं आहे.

‘पर्यंत’: बाय की अंटिल

‘दुकान आठपर्यंत उघडं असतं’ आणि ‘आठपर्यंत घरी ये’ ही दोन वाक्यं मराठीत सारखी दिसतात. पहिल्यात एक स्थिती आठ वाजेतो चालू राहते. दुसऱ्यात एकच घटना आठच्या आत कधीतरी घडायची आहे. पहिल्याला ‘अंटिल’ किंवा ‘टिल’ लागतं, दुसऱ्याला ‘बाय’.

तपासायची युक्ती: मराठी वाक्यात ‘पर्यंत’च्या आधी ‘उशिरात उशिरा’ घालून पाहा. ‘उशिरात उशिरा आठपर्यंत घरी ये’ जमतं, म्हणून ‘कम होम बाय एट’. ‘दुकान उशिरात उशिरा आठपर्यंत उघडं असतं’ याचा अर्थच बदलतो. तिथे ‘सतत’ बसतं, म्हणून ‘द शॉप इज ओपन अंटिल एट’. संपवणं, पाठवणं, पोचणं, पैसे भरणं, उत्तर देणं ही एकदाच घडणारी कामं जवळजवळ नेहमी ‘बाय’ मागतात. थांबणं, राहणं, झोपणं, वाट पाहणं यांना ‘अंटिल’ लागतं.

या चुकीचा फटका कुठे बसतो ते पाहा. ‘आय विल वर्क ऑन इट अंटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत त्यावर काम करत राहीन. पूर्ण करीन असं वचन यात कुठेच नाही. उलट शुक्रवारनंतर काम सोडून देणार असाही वास येतो. ‘आय विल फिनिश इट बाय फ्रायडे’ हे वचन झालं. ‘प्लीज सेंड इट अंटिल फ्रायडे’ वाचून इंग्रजी माणूस अंदाजाने अर्थ लावतो खरा, पण वाक्य त्याला चुकीचंच वाटतं.

आता शुक्रवार धरायचा की नाही? ‘बाय फ्रायडे’मध्ये बहुतेक जण शुक्रवार धरतात, पण शुक्रवारी सकाळी की कचेरी बंद होताना, हे त्यात नसतं. करारात म्हणूनच ‘ऑन ऑर बिफोर’ लिहितात. ‘बाय एंड ऑफ डे’ त्याहून घसरडं आहे, कारण दिवस कुणाचा ते ठरलेलं नसतं. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे ५ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळी वेळेत मध्यरात्रीनंतरचे २:३० आणि हिवाळी वेळेत ३:३० झालेले असतात, तारीखही पुढची. वेळ आणि शहर दोन्ही लिहावं.

सुट्टीच्या मेलमधलं ‘आय अ‍ॅम ऑन लीव्ह अंटिल फ्रायडे’ हेही तसंच. शुक्रवारी हा माणूस कामावर आहे की नाही? अर्धे वाचक हो म्हणतील, अर्धे नाही. अमेरिकेत यासाठी ‘थ्रू’ वापरतात: ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हटलं की शुक्रवार नक्की आत. ब्रिटनमध्ये ही पद्धत रुळलेली नाही. तिथे ‘अप टू अँड इन्क्लुडिंग फ्रायडे’ म्हणतात. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रजेचा शेवटचा दिवस सोडून परतायचा दिवस लिहिणं: ‘आय विल बी बॅक ऑन मंडे’. यात वाद घालायला जागाच नाही.

‘पर्यंत’ला ‘नाही’ चिकटलं की गुंता वाढतो. मराठीत ‘तो येत नाही तोपर्यंत थांबतो’ असं म्हणतात. ‘नाही’ त्यात हवंच. त्याचं थेट रूप ‘आय विल वेट अंटिल ही डझन्ट कम’ असं होतं आणि ते चूक आहे. इंग्रजीत ‘आय विल वेट अंटिल ही कम्स’. ‘नाही’ काढून टाकायचं, एवढंच. ‘अनलेस’ला हाच नियम, कारण त्याच्या पोटातच ‘नाही’ आहे: ‘पैसे भरले नाहीत तर’ याला ‘अनलेस यू पे’, ‘अनलेस यू डोन्ट पे’ नव्हे.

उलट बाजूने वाचताना चूक होते ती ‘नॉट अंटिल’ची. ‘द रिपोर्ट वोन्ट बी रेडी अंटिल ट्यूसडे’ हे वाचून बरेच जण ‘मंगळवारपर्यंतही होणार नाही’ असं समजतात आणि तक्रारीचा मेल लिहायला घेतात. वाक्य सांगतंय की अहवाल मंगळवारी मिळेल, फक्त त्याआधी मागू नका. मराठीत ते ‘मंगळवारशिवाय तयार होणार नाही’ असं येतं. मंगळवारची मुदत चुकणार असेल तर ‘वोन्ट बी रेडी बाय ट्यूसडे’.

याच कुळातली आणखी एक चूक: ‘तो येईल तेव्हा सांगते’. मराठीत दोन्हीकडे पुढचंच बोलणं आहे म्हणून ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम’ असं सुचतं. ‘व्हेन’, ‘अंटिल’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’, ‘बाय द टाइम’ यांच्या पोटवाक्यात वेळ सांगताना ‘विल’ येत नाही: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’. ‘विल’ एकदाच, तेही मुख्य वाक्यात.

‘पासून’: इथे दोन बिघाड एकाच वेळी असतात

पहिला शब्दाचा, दुसरा क्रियापदाचा. एक दुरुस्त करून दुसरा तसाच ठेवला तर वाक्य अर्धंच बरं होतं, म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासा.

शब्दासाठी मराठीतलीच कसोटी पुरते. ‘पासून’ काढून आधी ‘गेली’, ‘गेले’ किंवा ‘गेला’ लावून पाहा. ‘पाच वर्षांपासून’चं ‘गेली पाच वर्षं’ होतं, म्हणजे तो कालावधी आहे आणि त्याला ‘फॉर’. ‘२०१९पासून’ किंवा ‘दिवाळीपासून’चं तसं काही होत नाही, म्हणजे तो सुरुवातीचा बिंदू आहे आणि त्याला ‘सिन्स’. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ ही भारतीय इंग्रजीतली बहुधा सगळ्यात पसरलेली चूक, आणि कानाला इतकी सवयीची झाली आहे की वाचून पकडली जात नाही. कसोटी लावूनच पकडावी लागते.

तिसरा शब्द ‘फ्रॉम’. तो सुरुवात सांगतो, पण आजपर्यंतचा हिशेब मांडत नाही. ‘उद्यापासून ऑफिस बंद’ याला ‘फ्रॉम टुमॉरो’. ‘नऊपासून पाचपर्यंत’ याला ‘फ्रॉम नाइन टू फाइव्ह’. भूतकाळातून आजवर चालत आलेल्या गोष्टीला ‘फ्रॉम’ लावलं, म्हणजे ‘आय अ‍ॅम वेटिंग फ्रॉम टू अवर्स’, की वाक्य मोडतं.

आता क्रियापद. मराठीत ‘पाच वर्षांपासून इथे काम करतोय’ हे साधं वर्तमानातलं बोलणं आहे, आणि आपल्या दृष्टीने ते रास्तच आहे. काम आत्ता चालू आहे. जर्मन आणि फ्रेंच भाषाही असंच करतात, त्यामुळे ही चूक फक्त आपली नाही. इंग्रजी मात्र मागून आजपर्यंत ताणलेल्या गोष्टीला ‘हॅव’ लावते: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स टू थाउजंड नाइन्टीन’ कळतं, पण खटकतं. नुसतं खटकण्यावर भागत नाही अशी तीन ठिकाणं आहेत.

विमानतळावर अधिकाऱ्यासमोर ‘आय अ‍ॅम हिअर फॉर टू वीक्स’ म्हटलं तर तो समजतो की मुक्काम एकूण दोन आठवड्यांचा आहे. ‘दोन आठवडे झाले येऊन’ हे सांगायचं असेल तर ‘आय हॅव बीन हिअर फॉर टू वीक्स’. एका शब्दाने राहण्याचा काळ पुढचा की मागचा हे ठरतं.

मुलाखतीत ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हटलं की नोकरी सुटली आहे असा अर्थ निघतो. अजून तिथेच असाल तर ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’. इथे ‘हॅव’ बोलताना घाईत गिळलं जातं, ‘आय’व्ह’ इतकंच उरतं. भारतीय उच्चारात तेवढंही ऐकू येत नाही. महत्त्वाच्या ठिकाणी ते पूर्ण उच्चारावं.

तिसरं ठिकाण डॉक्टरांचं. ‘आय हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’ म्हणजे ताप होता, गेला. चालू असेल तर ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’. ‘हॅव हॅड’ विचित्र वाटतं म्हणून लोक टाळतात, टाळू नये.

ओळखणं, असणं, जवळ बाळगणं, आवडणं अशा क्रियापदांना ‘इंग’ लावायचं नाही. ‘दहा वर्षांपासून ओळखते’ याला ‘आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स’; ‘हॅव बीन नोइंग’ असं रूप इंग्रजीत चालत नाही.

किरकोळ दुरुस्त्या एका दमात: ‘सिन्स मॉर्निंग’च्या जागी ‘सिन्स धिस मॉर्निंग’ किंवा ‘ऑल मॉर्निंग’. ‘सिन्स लाँग’च्या जागी ‘फॉर अ लाँग टाइम’. ‘टिल डेट’च्या जागी ‘टू डेट’ किंवा ‘सो फार’. ‘लहानपणापासून’ला ‘सिन्स आय वॉज अ चाइल्ड’.

‘कधीपासून’ मात्र जपून. ‘सिन्स व्हेन’ने सुरू होणारा प्रश्न इंग्रजीत बहुधा टोमणा असतो, आपल्या ‘तुला कधीपासून हे आवडायला लागलं?’ या सुरातला. शेजाऱ्याला सहज विचारायचं असेल तर ‘हाउ लाँग हॅव यू लिव्ह्ड हिअर?’ असं विचारावं.

‘दोन तासांत’ की ‘दोन तासांनी’

इथे मराठी जास्त काटेकोर आहे आणि इंग्रजी ढिली. आपल्याकडे ‘तासांत’ म्हणजे त्या अवधीच्या आत, ‘तासांनी’ म्हणजे तो अवधी सरल्यावर. इंग्रजीचं ‘इन’ दोन्हीकडे फिरतं, आणि कानाला ते ‘त’सारखं वाटत असल्यामुळे आपण फसतो.

‘आय विल कॉल यू इन टू अवर्स’ म्हणजे दोन तासांनी फोन करीन. आत्ता ११ वाजले असतील तर फोन १ च्या सुमारास येईल. ‘शी रोट इट इन टू अवर्स’ म्हणजे तिने ते दोन तासांत लिहून संपवलं. फरक क्रियापदावरून कळतो. फोन करणं, निघणं, परत येणं अशी क्षणात होणारी कृती असेल आणि वाक्य पुढच्या काळाचं असेल तर ‘इन’ म्हणजे ‘नी’. लिहिणं, बांधणं, वाचून काढणं असं वेळ खाणारं काम असेल तर ‘इन’ म्हणजे ‘त’. आपल्याला ‘दोन तासांच्या आत फोन करतो’ म्हणायचं असेल तर ‘विदिन टू अवर्स’ लिहावं.

‘आय विल कॉल यू आफ्टर टू अवर्स’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य. व्याकरण त्याला अडवत नाही, पण आत्तापासून मोजताना इंग्रजी माणूस असं म्हणत नाही. ‘आफ्टर’ने ‘त्याआधी करणार नाही, नंतर कधीही’ असा सूर येतो. आणि ‘अवर्स’ गाळून ‘आफ्टर टू’ म्हटलं तर ते थेट घड्याळातले दोन होतात. गोष्ट सांगताना, म्हणजे मागच्या एखाद्या क्षणापासून पुढे मोजताना, ‘आफ्टर टू अवर्स ही गेव्ह अप’ किंवा ‘टू अवर्स लेटर’ बरोबर आहे.

‘इन’चा आणखी एक वापर मुख्यतः अमेरिकेतला: ‘आय हॅवन्ट सीन हिम इन थ्री इयर्स’. इथे तो ‘फॉर’चंच काम करतो, पण मुख्यतः नकारार्थी वाक्यात.

‘आधी’, ‘पूर्वी’

‘बिफोर टू इयर्स’ हे ‘दोन वर्षांपूर्वी’चं शब्दशः रूप. आजपासून मागे मोजायचं असेल तर ‘अगो’, आणि तो अवधीनंतर येतो: ‘टू इयर्स अगो’. त्याच्यासोबत साधा भूतकाळ. ‘आय हॅव मेट हिम टू डेज अगो’ चूक, ‘आय मेट हिम टू डेज अगो’ बरोबर. मोजणी आजपासून नसून दुसऱ्या घटनेपासून असेल तेव्हाच ‘बिफोर’: ‘टू डेज बिफोर द वेडिंग’. ‘टू डेज बॅक’ बोलण्यात खपतं, अर्जात नको.

आज सकाळी, काल रात्री, परवा

‘येस्टरडे मॉर्निंग’ चालतं, ‘टुमॉरो मॉर्निंग’ चालतं, म्हणून ‘टुडे मॉर्निंग’ही चालायला हवं, नाही का? नाही चालत. आजचा भाग सांगताना ‘धिस’ लागतं: ‘धिस मॉर्निंग’, ‘धिस आफ्टरनून’, ‘धिस इव्हनिंग’, आणि रात्रीला ‘टुनाइट’. काल रात्रीला ‘लास्ट नाइट’. ‘येस्टरडे नाइट’ इंग्रजी माणूस म्हणत नाही, मात्र ‘येस्टरडे इव्हनिंग’ म्हणतो. यात तर्क शोधू नये. एवढीच चार-पाच रूपं आहेत, ती तोंडात बसवावीत.

रात्र कुठे सुरू होते याचीही फारकत आहे. आपल्याकडे आठ वाजले की रात्रीचे आठ. इंग्रजीत ‘एट इन द इव्हनिंग’. मध्यरात्र उलटली की आपण अजून ‘रात्रीचा दीड’ म्हणतो, ते ‘वन थर्टी इन द मॉर्निंग’ म्हणतात. यातून विमानं चुकतात. तिकिटावर शनिवार, १:३० एएम असेल तर घरातून शुक्रवारी रात्रीच निघायचं. तिकीट काढल्यावर कॅलेंडरात शुक्रवारच्या रकान्यात ‘आज रात्री निघणे’ असं लिहून टाकलेलं बरं.

‘धिस’, ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘एव्हरी’ यांच्याआधी ‘ऑन’, ‘इन’, ‘अ‍ॅट’ लावू नये: ‘आय विल सी यू नेक्स्ट मंडे’. एरवी वाराला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’, घड्याळाच्या वेळेला ‘अ‍ॅट’. सकाळ एकटी असेल तर ‘इन द मॉर्निंग’, पण वार जोडला की वार जिंकतो: ‘ऑन मंडे मॉर्निंग’. रात्रीला ‘अ‍ॅट नाइट’. शनिवार-रविवारसाठी ब्रिटिश ‘अ‍ॅट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’, दोन्ही बरोबर.

‘लास्ट वीक’ आणि ‘इन द लास्ट वीक’ एक नव्हेत. पहिल्यात मागचा आठवडा, जो संपला. त्यासोबत साधा भूतकाळ. दुसऱ्यात आजपर्यंतचे सात दिवस, आणि त्यासोबत ‘हॅव’.

‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. इंग्रजीत ‘द डे बिफोर येस्टरडे’ आणि ‘द डे आफ्टर टुमॉरो’ असे दोन लांबलचक तुकडे आहेत. ‘अगदी परवाच भेटले होते’ यातला सैल ‘परवा’ म्हणजे ‘द अदर डे’. तो मागचाच असतो, पुढचा कधीच नाही. ‘एव्हरी अदर डे’शी त्याचा काही संबंध नाही, ते आपलं ‘एक दिवसाआड’. औषधाच्या सूचनेत हे नीट वाचावं.

‘नेक्स्ट फ्रायडे’ आणि ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’: इथे दोष आपला नाही

बुधवारी कुणी ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हटलं तर परवाचा शुक्रवार की पुढच्या आठवड्यातला? यावर इंग्रजी मातृभाषा असलेलेच आपापसांत भांडतात. बऱ्याच जणांच्या मते परवाचा तो ‘धिस फ्रायडे’, पुढचा तो ‘नेक्स्ट’. पण जवळ येणाऱ्या पहिल्या शुक्रवारालाच ‘नेक्स्ट’ म्हणणारेही आहेत. नियम शोधत बसू नये, तारीख लिहावी: ‘फ्रायडे द ट्वेल्फ्थ’. ब्रिटिश सहकारी ‘फ्रायडे वीक’ किंवा ‘अ वीक ऑन फ्रायडे’ म्हणाला तर तो येत्या शुक्रवारनंतर आठ दिवसांनी येणारा शुक्रवार सांगतोय; ‘आठ दिवसांनी’ आपल्या अर्थाने, म्हणजे सात मोजून.

‘फॉरवर्ड’चा घोळ तर अभ्यासला गेला आहे. ‘पुढच्या बुधवारची बैठक दोन दिवस फॉरवर्ड केली, आता ती कोणत्या वारी?’ या प्रश्नाला इंग्रजी मातृभाषकांपैकी साधारण निम्मे सोमवार म्हणतात, निम्मे शुक्रवार. लेरा बोरोडित्स्की आणि मायकल रॅमस्कर या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न विमानतळावरही विचारला होता. नुकतेच विमानातून उतरलेले लोक, कुणाला घ्यायला आलेल्यांपेक्षा शुक्रवारकडे जास्त झुकले. स्वतः पुढे सरकत असलो तर काळातही आपण पुढे सरकतो असं वाटतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. मराठी वाचकाचा कल आणखी पक्का असतो, कारण आपल्याकडे बैठक ‘पुढे ढकलली’ म्हणजे लांबलीच.

कचेरीतल्या वापरात ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणणं, ‘पुश बॅक’ किंवा ‘पुट बॅक’ म्हणजे लांबवणं, आणि अमेरिकेतलं ‘मूव्ह अप’ म्हणजे पुन्हा अलीकडे. आपला ‘प्रीपोन’ शब्द म्हणून अगदी चोख आहे, भारतात बिनधास्त वापरावा. मात्र लंडन किंवा शिकागोतल्या माणसाला तो ओळखीचा असेलच असं नाही. बैठक हलवताना जुनी आणि नवी दोन्ही तारीख-वेळ लिहिली की दिशेचा शब्द गाळता येतो: ‘मूव्ह्ड फ्रॉम वेन्सडे द टेन्थ टू मंडे द एट्थ’.

घड्याळ आणि तारीख

ब्रिटिश आणि आयरिश बोलण्यात ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे साडेपाच. मधला ‘पास्ट’ गिळलेला असतो. हीच शब्दरचना जर्मनमध्ये साडेचार होते, त्यामुळे युरोपातल्या मिश्र टीममध्ये ‘फाइव्ह थर्टी’च बरं. अमेरिकेत काही भागांत ‘क्वार्टर ऑफ फाइव्ह’ म्हणतात, म्हणजे पावणेपाच. ‘क्वार्टर आफ्टर फाइव्ह’ म्हणजे सव्वापाच. ‘ओक्लॉक’ फक्त पूर्ण तासाला: ‘फाइव्ह थर्टी ओक्लॉक’ नाही. ‘टेन एएम इन द मॉर्निंग’मध्ये सकाळ दोनदा आली. पाचच्या पटीत नसलेली मिनिटं सांगताना ‘मिनिट्स’ म्हणावं लागतं: ‘सेव्हन मिनिट्स पास्ट फाइव्ह’, पण नुसतं ‘टेन पास्ट फाइव्ह’.

१२ एएम म्हणजे मध्यरात्र, १२ पीएम म्हणजे भर दुपार. उलट समजणारे पुष्कळ. ‘मिडनाइट ऑन फ्रायडे’ ही मुदत तर शुक्रवार सुरू होतानाची की संपतानाची, हे सांगता येत नाही, म्हणून विमा आणि करारांच्या कागदांत ११:५९ पीएम किंवा १२:०१ एएम लिहिण्याची पद्धत आहे. ती उचलावी.

०४/०७ म्हणजे आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये ४ जुलै, अमेरिकेत ७ एप्रिल. महिना अक्षरांत लिहावा. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवला की फाइली आपोआप तारखेनुसार लागतात.

वेळेच्या पट्ट्याची अक्षरं टाळून शहराचं नाव लिहावं. आयएसटी म्हणजे भारतासारखीच आयर्लंड आणि इस्रायलची वेळही असते. न्यूयॉर्कची ईएसटी फक्त हिवाळ्यातली. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासाने पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटनमध्ये हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. मधल्या त्या दिवसांत लंडन-न्यूयॉर्क अंतर पाचऐवजी चार तासांचं होतं, आणि तिघांच्या ठरलेल्या बैठकीला नेमका एक जण तासाने चुकतो.

‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा दिवस. ब्रिटनमध्ये रोजचा शब्द, अमेरिकेत तो फारसा चालत नाही. ‘बायवीकली’ लिहूच नये, कारण त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदा असाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदा असाही. ‘ट्वाइस अ वीक’ किंवा ‘एव्हरी टू वीक्स’.

‘अजून’ आणि उरलेसुरले

‘तो अजून झोपलाय’: ‘ही इज स्टिल स्लीपिंग’. ‘तो अजून आला नाही’: ‘ही हॅजन्ट कम येट’. ‘अजून एक दे’: ‘वन मोर’. नकारात ‘स्टिल’ही येतं, ‘ही स्टिल हॅजन्ट कम’, पण त्यात वैताग असतो. साहेबांबद्दल बोलताना ‘येट’च बरं. ‘टिल नाऊ ही हॅजन्ट कम’ म्हटलं तर ऐकणारा दाराकडे बघतो, कारण आत्ता आला असं त्यातून सूचित होतं.

‘ऑन टाइम’ म्हणजे ठरलेल्या वेळी. ‘इन टाइम’ म्हणजे काहीतरी हुकण्याआधी. गाडी ‘ऑन टाइम’ आली, आणि आपण ती पकडायला ‘इन टाइम’ पोचलो. ‘अ‍ॅट द एंड’ला पुढे कशाच्या ते सांगावं लागतं, ‘अ‍ॅट द एंड ऑफ द मीटिंग’. ‘इन द एंड’ म्हणजे आपलं ‘शेवटी एकदाचं’, आणि ते एकटं उभं राहतं.

काही शब्द देशागणिक पलटतात. ‘मोमेंटरिली’ अमेरिकेत ‘क्षणभरात’, ब्रिटनमध्ये परंपरेने ‘क्षणभरासाठी’. ‘प्रेझेंटली’ अमेरिकेत ‘सध्या’, जुन्या ब्रिटिश वळणात ‘थोड्या वेळाने’. दक्षिण आफ्रिकेतला सहकारी ‘आय विल डू इट जस्ट नाऊ’ म्हणाला तर वाट बघत बसू नका, ते तिथे ‘करीन नंतर कधीतरी’ असं असतं. लवकर हवं असेल तेव्हा तो ‘नाऊ नाऊ’ म्हणतो, आणि त्यालाही थोडा वेळ लागतो.